दोन कनू, एक गाडी: टपावरचा रॅक कुठला घेऊ?

कृष्णाकाठचा_वॉटर्लूकर

नमस्कार मंडळी. प्रश्न मुख्यतः ऑन्टॅरिओतल्या (कॅनडा) लोकांसाठी आहे, पण गाडीच्या टपावर होडी बांधून नेलेल्या कोणीही उत्तर दिलं तरी हवंच आहे. कनू म्हणजे इथली उघडी, दोन्ही टोकांना निमुळती, एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची हलकी होडी.

आमच्याकडे चार वर्षांपासून एक कनू आहे. केव्हलारची (हलका, मजबूत कृत्रिम धागा), १६ फुटी, २० किलोची. शेजारच्या आजोबांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी ती आम्हाला दिली. ग्रँड नदी घरापासून सहा किलोमीटरवर आहे. कनूच्या काठाला फोमचे चार ठोकळे अडकवायचे, ती टपावर पालथी ठेवायची, पट्टे दारांमधून आत घेऊन आवळायचे आणि ५० च्या वेगाने नदीवर जायचं, एवढाच आजवरचा अनुभव. पावसात पट्ट्यावरून पाणी झिरपत सीटवर येतं, बाकी कधी त्रास झाला नाही.

आता जुलैमध्ये बाबा सांगलीहून येत आहेत. वय ७१. तरुणपणी ते सांगलीवाडीच्या होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारायचे, आणि आम्हा भावंडांना कृष्णेत पोहायला त्यांनीच शिकवलं. व्हिडिओ कॉलवर कनू दाखवली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हिला सुकाणू कुठाय?" त्यांना तीन दिवस अल्गॉन्क्विनला, म्हणजे इथल्या जंगल-तळ्यांच्या मोठ्या पार्कात, न्यायचं ठरवलंय. मी, बायको, १३ आणि ९ वर्षांची दोन मुलं, बाबा, वर तंबू आणि शिधा. एका कनूत हे बसत नाही. म्हणून मागच्या महिन्यात जुनी दुसरी कनू घेतली, रॉयलेक्स नावाच्या चिवट प्लास्टिकची, तीही १६ फुटी, ३० किलोची. रॉयलेक्सचं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं, त्यामुळे चांगल्या अवस्थेतली दिसली तेव्हा सोडवली नाही.

गाडी होंडा सीआर-व्ही, २०१८ ची. टपावर रेल (रॅक अडकवायच्या लांब दांड्या) नाहीत, नुसता गुळगुळीत पत्रा. जायचंय तीनशेहून जास्त किलोमीटर, त्यात ४०० नंबरचा हायवे आणि त्यावर १०० चा वेग. एका दुकानात गेलो तर त्यांनी विमानाच्या पंखासारखे चपटे, देखणे बार (टपावर आडवे बसणारे दांडे) दाखवले आणि दोन्ही कनू यावर आरामात बसतील म्हणाले. घरी येऊन टेप लावली. तो बार १५० सेंटिमीटरचा. माझी एकेक कनू मधोमध ९० सेंटिमीटर रुंद. नव्वद दुणे एकशे ऐंशी. मला हे गणित काही सुटत नाही.

गुळगुळीत टपावर दोन कनू नेणं सुरक्षित आहे का? बार कुठले घ्यावेत? की ट्रेलरच घेऊ? बाबा आणि मुलं त्याच गाडीत बसणार आहेत आणि मागून लोकांच्या गाड्या येणार आहेत, म्हणून घाईत काही घ्यायचं नाहीये.

ओटोनाबी

टेप लावलीत हे फार बरं केलंत. रॅक घेणारे बहुतेक लोक आधी कंपनी निवडतात, मग रंग, आणि कनू शेवटी मोजतात. उलट करायला हवं.

मी पीटरबरोला राहते, ओटोनाबी नदीच्या काठी. आमच्या गावात कनूंचं म्युझियम आहे, सहाशेहून जास्त कनू-कयाक आहेत तिथे, आणि २०२४ पासून ते नव्या इमारतीत, लिटल लेकच्या काठावर आहे. बाबांना घेऊन इकडे याल तेव्हा ते चुकवू नका. बर्चच्या सालीच्या कनू बघितल्या की त्यांना कळेल की सुकाणूची गरज का पडत नाही. मी १९ उन्हाळे टपावर कनू नेतेय, तीन गाड्या झाल्या, आणि त्यातली नऊ वर्षं तुमच्यासारखीच बिनरेलची गाडी होती. आधी नवरा आणि मी मिळून उचलायचो. त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून मी एकटी चढवते. माझी उंची पाच फूट एक इंच.

आता तुमचं गणित. कनू मधोमध मोजू नका. बार मधोमध येतच नाहीत, एक पुढे येतो आणि एक मागे. तुमच्या गाडीच्या दारांप्रमाणे दोन बारांत साधारण ७०-७५ सेंटिमीटर अंतर पडेल. म्हणजे कनूच्या मध्यापासून पुढे आणि मागे हातभर अंतरावर तिची रुंदी मोजा. मधोमध ९० असली तर तिथे ती ८५-८६ भरेल. दोन्हींची मिळून १७२ धरा, शिवाय दोन्हींच्या काठांच्या मध्ये आणि बाहेरच्या बाजूला आधाराचे कोन बसायला जागा हवी. १५० चा बार कुठल्याही हिशेबात बसत नाही. ६५-६६ इंची सुद्धा नाही. तुम्हाला ७८ इंची बार हवेत, म्हणजे १९८ सेंटिमीटर. हे पंखवाले बार त्या लांबीत सहसा मिळत नाहीत. थूले कंपनीचे चौकोनी पोलादी किंवा याकिमा कंपनीचे गोल पोलादी बार मिळतात. दिसायला साधे, वाऱ्यात थोडे गुरगुरतात, पण जुन्या लोकांच्या गाड्यांवर तेच दिसतील.

तुमची गाडी आरसे सोडून १८५ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे बार दोन्हीकडे सहा-सहा सेंटिमीटर बाहेर येतील. कायद्याला त्याची हरकत नाही, इथे २.६ मीटरपर्यंत रुंदी चालते. पण ती टोकं बरोबर कपाळाच्या उंचीवर असतात. टेनिसचे जुने बॉल चिरून टोकांवर बसवा. नऊ वर्षांचं मूल घरात आहे, आणि तळ्यावर पोचल्यावर मुलं धावत सुटतात.

चौकोनी की गोल, यात मी चौकोनी म्हणेन. काठाला आधार देणारे एल आकाराचे कोन चौकोनी बारावर फिरत नाहीत, गोल बारावर आवळायला कमी पडलं तर फिरतात. दर कनूला चार कोन, एकूण आठ. ते कनूला आडवं सरकू देत नाहीत. फोमचे ठोकळे नदीपर्यंत ठीक होते, हायवेवर नकोत. आणि दारांतून आत घेतलेले पट्टे तर अजिबात नकोत.

बिनरेलच्या टपाची भीती बाळगू नका. रॅकचे पाय दाराच्या वरच्या चौकटीला पोलादी चिमट्यांनी धरतात. पायाखालची रबरी गादी आणि चिमटा दर मॉडेलला वेगळा असतो, तोच संच घ्यायचा, "जवळपास बसतोय" वाला नाही. संचाबरोबर येणाऱ्या कागदावर पुढचा बार काचेच्या वरच्या कडेपासून किती सेंटिमीटरवर, हे छापलेलं असतं. तिथेच बसवा. दोन-तीन सेंटिमीटर चुकलं तरी चिमटा चौकटीच्या वळणावर नीट बसत नाही. उद्या गाडी बदललीत तर बार आणि पाय तेच राहतात, फक्त हा संच बदलतो. माझे बार तिसऱ्या गाडीवर आहेत.

वजनाचं बघा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपाची मर्यादा असते, रॅकची स्वतःची वेगळी असते, आणि दोन्हींतली जी कमी ती आपली. बऱ्याच रॅकची ७५ किलो असते. तुमच्या कनू २० आणि ३०, रॅक आणि कोन मिळून दहाच्या आसपास धरा. साठ किलो. गाडीच्या मर्यादेत बसतंय का हे मॅन्युअल उघडून बघा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्यासुद्धा.

पण खरं सांगायचं ते पुढे आहे. वजनाने आजवर माझं काही बिघडलेलं नाही, वाऱ्याने बिघडलंय. वजन खाली दाबतं, वारा वर उचलतो, आणि वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. तुमची ५० च्या वेगाची चार वर्षं १०० च्या वेगाबद्दल काहीच सांगत नाहीत.

२०११ चा ऑगस्ट. २८ नंबरच्या रस्त्याने बँक्रॉफ्टकडे निघालो होतो. तेव्हाच्या गाडीला कंपनीनेच दिलेल्या रेल आणि बार होते. एकच कनू, दोन पट्टे घट्ट आवळलेले. पुढची दोरी बांधली नव्हती, कारण ती काचेसमोर दिसत राहते आणि मला तो त्रास वाटायचा. अ‍ॅप्सलीच्या पुढे समोरून लाकडांच्या ओंडक्यांचा ट्रक आला. तो शेजारून गेला त्या क्षणी कनूचं पुढचं टोक उचललं गेलं, मला काचेतून आभाळ दिसलं, आणि ते धाडकन खाली आलं. गाडी बाजूला घेतली. उतरून बघते तर दोन्ही पट्टे होते तसे घट्ट! बोटभरही ढिले नव्हते. कनू आणि बार एकमेकांना धरून होते. पुढच्या बाराचा पाय रेलवरून अर्धा निघाला होता. आणखी एक ट्रक आला असता तर कनू बारासकट मागच्या गाडीवर गेली असती. त्या मागच्या गाडीत एक बाई होती, तिने थांबून आम्हाला पाणी दिलं. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

त्या दिवशी मला कळलं की पट्टा कनूला रॅकशी बांधतो, गाडीशी नाही. गाडीशी बांधते ती पुढची आणि मागची दोरी. रॅक कितीही महाग घ्या, तो निसटला तर कनूला धरून ठेवणारी दुसरी गोष्ट हवी. म्हणून रॅकच्या खर्चातच चार दोऱ्यांचा खर्च धरा. दर कनूला पुढे एक, मागे एक.

पुढची दोरी कुठे बांधायची, हा तुमच्या गाडीत प्रश्न येईल, कारण बंपर प्लास्टिकचा आहे. त्याला काही बांधू नका. बॉनेट उघडलंत की दोन्ही कडांना मडगार्डचे बोल्ट दिसतील. त्यातला एकेक काढून त्याखाली जाड पट्टीचा फास अडकवायचा आणि बोल्ट परत आवळायचा. बॉनेट लावल्यावर फास बाहेर काढून त्यात दोरी ओवायची, काम झालं की परत आत ढकलायचा. तयार मिळतात, फार स्वस्त. मागे टो-हुक (गाडी ओढायचा आकडा) असेल तर उत्तम, नसेल तर डिकीच्या बिजागरीजवळच्या बोल्टलाही असाच फास लागतो.

पट्टे साध्या दाताच्या बकलचे घ्या, साडेचार मीटरचे, दर कनूला दोन. करकर आवळायचे रॅचेटवाले पट्टे केव्हलारवर कधीही नकोत, तडा गेलेला ऐकूही येत नाही. पट्टा टाकताना बकल हातात धरा आणि शेपूट पलीकडे फेका. बकल फेकलं की ते पलीकडच्या काचेवर जाऊन आपटतं. काठ आणि कोन यांच्या अगदी लगत पट्टा बाराखालून घ्या, बाराच्या टोकाला नाही, नाहीतर कनूला सरकायला जागा राहते. आणि पट्ट्याला एक पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात असा घुमतो की गाडीत बोलता येत नाही, एका पिळाने तो गप्प होतो.

चढवायचं कसं ते वेगळं लिहीन, आत्ता ड्युटीवर जायचंय.

मिनेसोटाचा_पाहुणा

ताईंनी छान लिहिलंय, तरी मी थोडं वेगळं सांगतो. मी डुलुथला असतो, दरवर्षी बाउंडरी वॉटर्सला, म्हणजे इथल्या तळ्यांच्या राखीव जंगलात, जातो. माझ्याकडे १७ फुटी ग्रमनची अ‍ॅल्युमिनियमची कनू आहे, ३४ किलो. या कंपनीने दुसऱ्या महायुद्धात विमानं बनवली आणि युद्ध संपताच त्याच पत्र्याच्या कनू बनवायला घेतल्या. दगडावर आपटली तरी पोचा येतो, तुटत नाही, पण टपावर चढवताना पाठ मोडते. पन्नाशीनंतर मी टप सोडला आणि छोटा ट्रेलर घेतला. कनू कमरेच्या उंचीवर ठेवायची, संपलं. दोनच्या चार झाल्या तरी चिंता नाही. गाडीला टो-हिच (ट्रेलर जोडायचा आकडा) लावून घ्यावं लागेल एवढंच. बाबा ७१ चे आहेत, तेही मदतीला हात लावणारच. विचार करा.

मालवणचो_दर्यावर्दी

माझा रॅकशी संबंध नाही, दोरीशी आहे. आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी. वरती पुढच्या टोकाची दोरी म्हटलंय, त्या टोकाला आम्ही नाळ म्हणतो. नाळेला बांधायची दोरी नायलॉनची घेऊ नका. नायलॉन ताणतं, आणि भिजलं की आणखी ताणतं. सकाळी तारेसारखी आवळलेली दोरी पावसात झोळ खाते. नांगराला तो ताण कामाचा, कारण लाटेचा धक्का तो गिळतो. तुम्हाला धक्का गिळायचा नाही, होडी हलू द्यायची नाही. पॉलिस्टरची घ्या, आठ-दहा मिलिमीटर जाडीची, वेणीची. पिवळी-निळी प्लास्टिकची स्वस्त दोरी असते, ती पाण्यावर तरंगते पण उन्हात वर्षभरात भुसा होते आणि गाठ धरत नाही. ती कपडे वाळत घालायला ठेवा.

बाबा होडीवाले आहेत म्हणता, तर गाठ त्यांनाच मारू दे. त्यांचो हात बसलेलो असतलो.

ओटोनाबी

मालवणकरांचं शंभर टक्के खरं. मी सुरुवातीला नायलॉनच वापरायचे आणि दर पेट्रोल पंपावर उतरून आवळत बसायचे.

ट्रेलरबद्दल. वर्षातून दहा वेळा लांब जाणार असाल, घराला मोठं आवार असेल, तर मिनेसोटाकरांचं ऐका. पण वॉटर्लूकर, तुमचं मूळ काम सहा किलोमीटरवरच्या नदीचं आहे. ट्रेलरला नंबरप्लेट लागते, हिवाळ्यात ठेवायला जागा लागते, आणि जुलैच्या शनिवारी तळ्याकाठच्या पार्किंगमध्ये तो उलटा घेताना मागे दहा गाड्या थांबतात. वर्षातून एकदाच दोन कनू लागत असतील तर आणखी सोपं आहे. एक टपावर न्या, दुसरी तिथे भाड्याने घ्या. अल्गॉन्क्विनमधल्या 'कनू लेक' या तळ्याच्या काठावरच मिळते. हे आधी विचारायला हवं होतं मी. दुसरी तुम्ही घेऊन झालीच आहे, आणि दोन्ही दर आठवड्याला पाण्यात जाणार असतील, तर मात्र ७८ इंची बारच.

आता चढवायचं. दोघे असाल तर एकेक टोक धरून उचलणं सोपं, पण दोन कनू शेजारी ठेवायच्या म्हणजे दुसरी पहिलीला घासते. आधी ड्रायव्हरच्या बाजूची जड कनू चढवा, पूर्ण बांधा, मगच दुसरी आणा. एकीचं पोट जिथे येतं त्याच्या थोडं पुढे-मागे दुसरीचं येऊ द्या, त्याने मध्ये दोन बोटं जागा मिळते.

एकटं असाल तर मागून. मागच्या बाराला जुनी सतरंजी गुंडाळा, डिकीच्या वरच्या कडेवरही घाला. कनू गाडीच्या मागे पालथी ठेवा, एक टोक उचलून मागच्या बारावर टेका. आता अर्धं वजन गाडीने घेतलं. मागच्या टोकाला जाऊन उचला आणि पुढे ढकला. मी दार उघडून उंबऱ्यावर उभी राहते आणि पट्टा तिथून टाकते. केव्हलारची २० किलोची तुम्ही अशी सहज चढवाल. रॉयलेक्स एकट्याने नको, ३० किलो डोक्याच्या वर गेली की वारा कुठूनही येतो.

दोन छोट्या गोष्टी राहिल्या. खरेदीच्या आधी दुकानात रिकामा रॅक बसवून डिकी पूर्ण उघडून बघा. मागे आलेल्या कनूला डिकीची कड आपटते, आणि हे तळ्यावर पोचून सामान काढताना कळलं की वाईट वाटतं. आणि कनू गाडीच्या मागे दीड मीटर किंवा त्याहून जास्त बाहेर येत असेल तर ऑन्टॅरिओत दिवसा लाल फडकं आणि अंधारात लाल दिवा लागतो. तुमची गाडी ४.५९ मीटर, कनू ४.८८. तुम्हाला ती वेळ येणार नाही, पण मागच्या गाडीवाल्याला टोक दिसावं म्हणून मी तरीही लाल फडकं बांधते.

नोव्हेंबरात रॅक काढून घरात ठेवा. रस्त्यावरचं मीठ चिमट्यांच्या स्क्रूत जातं आणि वसंतात ते हलत नाहीत.

कृष्णाकाठचा_वॉटर्लूकर

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितोय कारण आधी करून बघायचं होतं.

ताई, तुम्ही म्हणालात तिथे मोजलं. केव्हलारची ८४, रॉयलेक्सची ८७. ७८ इंची चौकोनी बार घेतले, पाय आणि माझ्या मॉडेलचा संच नवा, आठातले चार कोन एका निवृत्त शिक्षकांकडून जुने मिळाले. भाड्याच्या कनूचा विचार आम्हीही केला होता, पण मोठी मुलगी आता स्वतंत्र वल्हवते आणि दर रविवारी दोन्ही नदीवर जातात, म्हणून रॅकच घेतला. मॅन्युअल वाचलं, सगळं मिळून मर्यादेच्या आत आहे. बॉनेटखालचे फास बसवायला वीस मिनिटं लागली.

दुकानातल्या माणसाने पुढचा बार अंदाजाने लावून दिला होता. घरी कागद काढून मोजलं तर चार सेंटिमीटर मागे होता. सोडून परत बसवला. तुम्ही ते वाक्य लिहिलं नसतंत तर मी तसाच निघालो असतो.

बाबा परवा आले. झोप पूर्ण व्हायच्या आत गॅरेजमध्ये गेले. दोन्ही कनूंवरून हात फिरवला, केव्हलारची एका बोटाने उचलून बघितली आणि म्हणाले, "एवढी हलकी? ही पाण्यात राहते कशी?" काल संध्याकाळी दोन्ही टपावर चढवल्या. मी इंटरनेटवरून शिकलेली ट्रकवाल्यांची गाठ मारत होतो, म्हणजे दोरीच्या मध्येच एक फास काढायचा, शेपूट खालच्या फासातून घेऊन वरच्यातून ओढायचं, की कप्पीसारखा जोर मिळतो. माझा फास दोनदा सुटला. बाबांनी दोरी हातातून घेतली. दोन पीळ, एक ओढ, वर अडकवण. बघतो तर तीच गाठ. बैलगाडीवर ऊस भरला की साखर कारखान्यापर्यंत मोळ्या हलू नयेत म्हणून आजोबा ती मारायचे, म्हणाले. नाव विचारलं तर त्यांना आठवेना. "नाव कशाला लागतंय, बांधायची." मालवणकर, तुमचा अंदाज बरोबर होता. चारही दोऱ्या त्यांनीच बांधल्या, पॉलिस्टरच्या.

मग चाचणी घेतली. गावाबाहेरच्या रस्त्यावर ८० ने वीस किलोमीटर. एक पट्टा घुमत होता, पीळ द्यायचा राहिला होता. थांबून दिला. पुढची टोकं काचेतून बघत होतो, बोटभर थरथरतात, उचलत नाहीत. एवढं चालतं ना?

ओटोनाबी

थरथर चालते, ती कनूची स्वतःची लवचीकता आहे. टोक डावी-उजवीकडे जायला लागलं तर मात्र थांबायचं. निघाल्यावर पहिल्या पन्नास किलोमीटरला उतरून रॅकचे चारही पाय त्यांच्याच किल्लीने परत आवळा, नवे चिमटे पहिल्या प्रवासात बसतात. मग वाटेतल्या बॅरीला, मग हंट्सव्हिलला. ४०० वर ९० च्या पुढे जाऊ नका, उजवी लेन धरा. ६० नंबरच्या रस्त्यावर मर्यादाच ८० आहे.

बाबांना कनूत मागे बसवा. सुकाणू मागच्याच्या वल्ह्यात असतं, त्यांना दहा मिनिटांत कळेल.

कृष्णाकाठचा_वॉटर्लूकर

उद्या पहाटे पाचला निघतोय. रॅकची किल्ली डिकीत नाही, ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात ठेवलीय. बाबांनी आत्ताच जाऊन दोऱ्या परत एकदा ओढून बघितल्या.